बाईंचा निरोप

रूबेन भिंगारदिवे दवाखान्याच्या फाटकातून आत आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि त्याच्या अंगावर जांभळ्या मखमलीचा कोट होता. कोटाला गळ्यापासून बाह्यांपर्यंत सोनेरी टिकल्या. उन्हात त्या अशा चमकत होत्या की पायऱ्यांवर डबे घेऊन बसलेले नातेवाईक बोलायचे थांबून त्याच्याकडे बघत राहिले.

मी व्हरांड्यात त्याची वाट बघत उभी होते.

"सलाम, करुणा," तो म्हणाला. "साखर कारखान्याचा कार्यक्रम होता. तिथून जीप मिळाली, सरळ इकडे आलो. आहेत ना?"

"आहेत. पण हे असलं घालून आत जाऊ नकोस. माझ्या भावाचा शर्ट मागवते."

"नको. शर्ट येईपर्यंत काही झालं म्हणजे?"

ही एकोणीसशे शहाऐंशीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. बायकांच्या वॉर्डात अगदी टोकाच्या खाटेवर उजागरे बाई होत्या. नगरच्या मिशन कंपाउंडात त्यांनी चाळीस वर्षं पियानो शिकवला. लग्न केलं नाही. त्यांच्या हाताखालून किती मुलं गेली याची मोजदाद नाही, पण शेवटपर्यंत टिकलो आम्ही दोघंच, मी आणि रूबेन. मी शाळेत गाणं शिकवत होते, रविवारी चर्चमध्ये वाजवत होते आणि आता शाळा सुटली की बाईंच्या उशाशी येऊन बसत होते. त्यांना पोटाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगून टाकलं होतं की आठवडा, फार तर दोन.

चार दिवसांपूर्वी बाई अचानक म्हणाल्या होत्या, "रूबेनला पत्र टाक. म्हणावं, येऊन जा."

सतरा वर्षांत त्यांनी हे नाव तोंडातून काढलं नव्हतं. मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलताहेत. म्हणून मी पुन्हा विचारलं. तर डोळे उघडून म्हणाल्या, "करुणा, मी कानानं बहिरी नाही झाले आणि डोक्यानंही नाही. तार कर. पत्राला वेळ लागेल."

रूबेनचे वडील चर्चचे राखणदार. घंटा तेच वाजवायचे. आठ वर्षांचा असताना तो बापाबरोबर चर्चमध्ये झाडू मारायला यायचा आणि कुणी नसलं की पियानोची पट्टी दाबून पळून जायचा. बाईंनी एकदा त्याला पकडलं आणि मारण्याऐवजी स्टुलावर बसवलं. त्याच्यानंतर वर्षभरानं मी आले. मंगळवारी आणि शुक्रवारी आमचा पाठ असायचा, पाठोपाठ. माझा आधी, मग त्याचा. माझा संपला तरी मी घरी जायची नाही, खिडकीत बसून त्याचं ऐकायची. बाई मला फारसं बोलत नसत. त्याच्यावर मात्र सारखा आरडाओरडा. मनगट खाली, पाय स्थिर, मान हलवू नकोस, हा काय डान्स आहे?

तो एकोणीस वर्षांचा असताना गावात आनंदमेळा आला. कुणीतरी बाईंना सांगितलं की तुमचा रूबेन तिथे रोज संध्याकाळी वाजवतोय. बाई मला बरोबर घेऊन बघायला गेल्या. तंबूत गर्दी मावत नव्हती. रूबेननं डोळ्यांवर रुमाल बांधला होता, पियानोकडे पाठ करून बसला होता, हात मागे नेऊन सिनेमाचं गाणं वाजवत होता आणि मधूनच कोपरानं पट्ट्यांवर एक सणसणीत दणका द्यायचा. लोक शिट्या मारत होते. बाई दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि फिरल्या.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. तो पाठाला आला तेव्हा बाईंनी पियानोचं झाकण बंद केलं.

"मी तुला वाद्य शिकवलं. माकडचेष्टा नाही शिकवल्या. उद्यापासून येऊ नकोस."

"बाई, लोकांना आवडतं."

"म्हणूनच सांगतेय."

त्या महिन्यात तो एका ऑर्केस्ट्राबरोबर पुण्याला निघून गेला. मग अधूनमधून भिंतींवर पोस्टरं दिसायची. 'प्रिन्स रूबेन आणि त्याचा नाचता पियानो.' मी बाईंबरोबर चालत असले की रस्त्याची बाजू बदलायची, त्यांना दिसू नये म्हणून.

तर आता तोच रूबेन त्याच असल्या वेशात वॉर्डाच्या मधल्या वाटेनं चालला होता आणि दोन्ही बाजूंच्या बायका उशीवरून माना उचलून बघत होत्या. बाईंच्या खाटेशी तो थांबला. बाई इतक्या बारीक झाल्या होत्या की पांघरुणाखाली कुणी आहे की नाही असं वाटावं.

"सलाम, बाई."

बाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हे काय घातलंयस?"

"कार्यक्रमाचा कोट आहे, बाई."

"लग्न केलंस?"

"केलं. रेचल तिचं नाव. औरंगाबादची आहे. एक मुलगी आहे."

"तिला शिकवतोस का?"

"तिला आवड नाही, बाई. ती पळते. शर्यतीत."

"बरं आहे," बाई म्हणाल्या. मग जरा दम खाऊन, "वाजव."

त्याला कळेना. मी सांगितलं की दवाखान्यात प्रार्थनेच्या खोलीत एक पियानो आहे. कुणा अमेरिकन डॉक्टरच्या बायकोनं मागे ठेवलेला. पेशंटांसाठी दर रविवारी दुपारी मी तिथे गीतं वाजवायची. पियानो जुना होता, त्याच्या चार पट्ट्या मेलेल्या होत्या. दाबल्या तर सूर यायचा नाही, नुसतं लाकडाचं टक्क. त्या चार पट्ट्या टाळून वाजवायची मला इतकी सवय झाली होती की ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही.

सिस्टरनं बाईंना चाकाच्या खुर्चीत बसवलं. रूबेननं स्वतः खुर्ची ढकलली. आमच्यामागून ज्यांना चालता येत होतं ते सगळे आले. पायाला प्लॅस्टर घातलेला एक ड्रायव्हर काठीवर उड्या मारत आला. पाथर्डीकडची एक म्हातारी, दम्यानं बेजार झालेली, नातसुनेचा हात धरून आली. तिला दवाखान्यात येऊन आठ दिवस झाले होते आणि आठ दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. कुणाशी बोलायची नाही.

रूबेननं आधी सगळ्या पट्ट्यांवरून एकदा बोटं फिरवली. टक्क, टक्क, टक्क, टक्क. चारी मेलेल्या पट्ट्या त्याला सापडल्या. तो वळून लोकांकडे बघत म्हणाला, "यांना काय झालंय? ॲडमिट करून घ्या की यांनाही!"

ड्रायव्हर हसला.

मग त्यानं सुरुवात केली. काय वाजवत होता ते मला सांगता येणार नाही. गाणं असं नव्हतंच ते. त्यानं त्या चार पट्ट्यांवरच ठेका धरला, टक्क टक्क टटक्क, आणि वरच्या बाजूला डावीउजवीकडे सूर उडवत राहिला. तेवढ्यात कंपाउंडर हातात ट्रे घेऊन दारातून चालला होता. त्याचा एक पाय जरा आखूड होता. रूबेननं मान वळवून त्याची चाल बरोबर पकडली, एक जड सूर, एक हलका सूर. कंपाउंडर थांबला की पियानो थांबे. तो पुन्हा निघाला की पियानो निघे. कंपाउंडरला आधी राग आला, मग तो मुद्दाम दोन पावलं मागे गेला, आणि पियानोही उलटा गेला. खोलीत हशा पिकला. मग रूबेननं एसटी घाट चढवली. गिअर पडताना, इंजिन घरघरताना, वर पोचल्यावर पॅसेंजरांनी सुस्कारा सोडताना. कोपर आपटलं, पियानोकडे पाठ केली, सगळं केलं.

तेवढ्यात म्हातारीला खोकल्याची उबळ आली. नातसून तिला बाहेर न्यायला उठली. रूबेननं हात वर केला, थांबा. आणि खर्जाच्या पट्ट्यांवर तोच खोकला वाजवला. अगदी तसाच, शेवटच्या शिट्टीसकट.

मला वाटलं, आता अति झालं.

म्हातारीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आरं, माझ्याच खोकल्याची नक्कल करतूस व्हय रं?"

"चुकली का, आजी?"

"थोडी चुकली. ह्ये आईक." आणि ती मुद्दाम खोकली. त्यानं पुन्हा वाजवलं. ती पुन्हा खोकली, जरा तालात. त्यानं तिच्या खोकल्याभोवती एक साधीशी चाल गुंफली, ओवीसारखी, आणि तिच्या दमाइतकीच जागा तो प्रत्येक ओळीनंतर मोकळी सोडत गेला. म्हातारी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

आणि मग मला एक आवाज ऐकू आला. तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, म्हणून तो कुठून येतोय ते मला पटकन कळलंच नाही. उजागरे बाई हसत होत्या. खुर्चीत पुढे वाकून, दोन्ही हातांनी पोट धरून, लहान मुलीसारख्या खिदळत होत्या. सत्तावीस वर्षं मी त्या बाईंसमोर वाजवत आले होते. विलायतेहून यायच्या त्या पियानोच्या आठही परीक्षा मी त्यांच्यासाठी दिल्या होत्या. त्यांनी मला शाबासकी दिली होती, पाठीवर हात ठेवला होता. पण हे नाही.

पाच वाजता रूबेनला नाशिकची गाडी पकडायची होती. बाई झोपल्या होत्या. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. उन्हं उतरली होती. टिकल्या आता मळकट दिसत होत्या आणि त्याच्या कोटाच्या काखेत घामाचे मोठे डाग पडले होते. जवळून तो थकलेला दिसला.

"करुणा, माझं एक काम कर," तो म्हणाला. "त्यांना विचार."

"काय विचारू?"

"मी वादक आहे की नुसता गंमत करणारा? तेवढंच विचार. त्या काय म्हणतील ते मला सांग. वाईट असलं तरी सांग."

"तूच का नाही विचारलंस?"

"माझ्या तोंडावर त्या खोटं बोलल्या असत्या तर? मरणाऱ्या माणसाला दया येते ना." तो हसला. "तुझ्याशी त्या कधी खोटं बोलल्या नाहीत."

मी विचारते म्हणाले.

विचारायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी घेऊन मी सकाळीच गेले, तर बाई जाग्या होत्या. आवाज अगदी खोल गेला होता. मी पाणी पाजलं.

"रूबेन गेला?"

"कालच गेला, बाई."

"त्याला एक निरोप दे." त्या थांबत थांबत बोलत होत्या. "मी त्याला हाकललं तेव्हा मला वाटलं, हा वाद्याची थट्टा करतोय. काल बघितलं. तो थट्टा नाही करत. तो ऐकतो. त्या म्हातारीला दम किती पुरतो ते त्याला कळत होतं, आणि तेवढंच तो वाजवत होता. इतकं ऐकणारं माझ्याकडे दुसरं कुणी आलं नाही. मी आयुष्यभर मुलांना पट्ट्यांकडे बघायला शिकवलं. ह्याला माणसांकडे बघता येत होतं आणि मी त्यालाच घालवलं. त्याला सांग, तू कलावंत आहेस. माझं चुकलं म्हणून सांग."

"सांगते, बाई."

"आणि मला मातीला न्याल तेव्हा त्याला वाजवू दे. त्याच्या पद्धतीनं. लोक हसले तर हसू देत."

मी त्यांचं पांघरूण नीट केलं. खिडकीच्या पडद्याची दोरी बांधली. मग न राहवून विचारलंच, "आणि मी, बाई?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातावर हात ठेवला, फार मायेनं.

"तू कधी चुकली नाहीस," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या फारसं बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी गेल्या.

रूबेन पहाटेच्या गाडीनं आला. साधा काळा कोट घालून, कुणाचा तरी उसना, बाह्या आखूड. चर्चच्या मागच्या बाजूला, जिथे त्याचे वडील घंटेच्या दोरीशी उभे राहायचे, तिथेच तो उभा होता. पाळकसाहेब, आमचे पारखे साहेब, लगबगीनं माझ्याकडे आले.

"करुणाबाई, ते भिंगारदिवे आलेत. मी वाजवू का विचारताहेत. बाईंनी तुमच्यापाशी काही सांगून ठेवलं होतं का?"

मी पियानोपाशी गीतांचं पुस्तक उघडत होते. आधीच दोन खुणा घातल्या होत्या.

"नाही," मी म्हणाले. "तसं काही बोलल्या नव्हत्या."

पाळकसाहेबांचा जीव भांड्यात पडलेला दिसला. "मग तुम्हीच वाजवा. मंडळीतल्या वडील माणसांना ते रुचलंही नसतं. चांगला मनुष्य आहे, पण त्यांचं ते सगळं… करमणुकीचं."

मी वाजवलं. दोन गीतं उपासनेत आणि एक शेवटी, शवपेटी बाहेर नेताना. सगळं व्यवस्थित झालं. लोक मला नंतर येऊन म्हणाले, बाई असत्या तर समाधान पावल्या असत्या.

कबरस्तानातून सगळे परतायला लागले तेव्हा रूबेन माझ्याबरोबर चालायला लागला. फाटकापाशी येऊन म्हणाला, "विचारलंस?"

"विचारलं."

"मग?"

अजून मला ती जागा दिसते. लोखंडी फाटक, शेजारी रक्तचंदनी रंगाची बोगनवेल, आणि त्याचे डोळे. त्याला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सगळंच खोटं बोलायचं मला धाडस झालं नाही, म्हणून मी थोडंसंच बोलले.

"म्हणाल्या, करमणूक चांगली करतो."

"करमणूक."

"हो."

"पण हसल्या होत्या, करुणा."

"हसल्या ना. म्हणूनच तसं म्हणाल्या."

त्यानं मान हलवली, दोनदा. उसन्या कोटाच्या बाह्या खाली ओढल्या. "बरोबर आहे," तो म्हणाला. "खरं तेच बोलल्या. तू सांगितलंस, बरं झालं. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं."

तो स्टँडकडे निघाला. मी त्याला हाक मारणार होते. पाळकसाहेबांच्या बायकोनं मला मागून बोलावलं, चहाचं बघायचं होतं, आणि मी वळले.

तीन-चार वर्षं त्याची काहीच बातमी नव्हती. भिंतींवर पोस्टरं दिसेनाशी झाली. मग कुणीतरी सांगितलं की रूबेननं ऑर्केस्ट्रा सोडला. पुण्यात एका म्हाताऱ्या पारशिणीकडे जाऊन तो पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकतोय, रोज आठ-आठ तास. त्याची बायको एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते आणि घर तिच्यावर चालतं. मी ऐकून घेतलं. मी स्वतःला सांगितलं की त्याला हवं ते तो करतोय, मोठा माणूस आहे.

एकोणीसशे ब्याण्णवच्या नोव्हेंबरात मला एक छापील निमंत्रण आलं. पांढरं कार्ड, काळी अक्षरं. 'रूबेन भिंगारदिवे. पियानोवादन. रविवार, सायंकाळी पाच.' खाली शाईनं लिहिलं होतं, 'करुणा, तू आलीच पाहिजेस.'

मी गेले. पुण्यातला एक छोटा हॉल होता. दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या, आणि माणसं पस्तीस-चाळीस. पुढच्या रांगेत ती पारशीण, काही विद्यार्थी. मागे चार-पाच जण होते, त्यांच्या बोलण्यावरून ते ऑर्केस्ट्रातले जुने सोबती असावेत. रेचल दाराशी उभी राहून कार्यक्रमपत्रिका देत होती. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. उंच, गप्प बाई. मी नाव सांगितलं तशी ती म्हणाली, "तुम्हीच का त्या? ते फार नाव घेतात तुमचं. बसा."

रूबेन आला. काळा सूट, काळा टाय. केस मागे चापून बसवलेले. त्यानं प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला आणि बसला. मनगट खाली, पाय स्थिर.

त्यानं दीड तास वाजवलं. अवघड, मोठमोठ्या रचना. त्या वाजवायला मला आणखी दोन जन्म लागले असते. एकही चूक झाली नाही. त्यानं एकदाही मान वर केली नाही. समोर कोण बसलंय, कुणाला खोकला आला, कोण उठून गेलं, त्याला काही दिसत नव्हतं. पहिल्या अर्ध्या तासात त्याचे ऑर्केस्ट्रातले सोबती चुळबुळायला लागले. मध्यंतरानंतर त्यांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

मी हात मांडीवर ठेवून ऐकत होते. कुठंतरी हे वाजवणं मी आधी ऐकलंय असं सारखं वाटत होतं. प्रत्येक सूर जागच्या जागी, स्वच्छ धुतलेला, आणि एकाचंही कुणाशी काही बोलणं नाही. शेवटची रचना चालू असताना मला ते कळलं. तो माझ्यासारखं वाजवत होता.

टाळ्या झाल्या, सभ्य टाळ्या. लोक पांगले. मी आत गेले तेव्हा तो एका बाकावर बसून रुमालानं हात पुसत होता. मला बघून उठला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला तिथून मागे फिरावंसं वाटलं.

"आलीस! कसं झालं?"

"छान झालं."

"नाही, नीट सांग. तूच सांगू शकतेस. दुसऱ्या कुणाला मी विचारतच नाही." त्यानं माझे दोन्ही हात धरले. त्याच्या बोटांची टोकं घट्टे पडून दगडासारखी झाली होती. "सहा वर्षं, करुणा. मी एकही खेळ केला नाही. लोकांनी बोलावलं, दुप्पट देतो म्हणाले, मी गेलो नाही. ते सगळे कोट देऊन टाकले. बाईंनी जे म्हटलं ते मी रोज सकाळी स्वतःला म्हणायचो, करमणूक चांगली करतो. आणि मग बसायचो. आज असं वाटलं की त्या आता काही वेगळं म्हणतील. म्हटल्या असत्या ना?"

मी खरं सांगायलाच आत गेले होते. येताना गाडीत वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याच्या त्या हातांकडे. खरं सांगणं म्हणजे ती सहा वर्षं त्याच्या समोर जमिनीवर टाकून देणं. माझी हिंमत झाली नाही. की दया आली, ते मला आजही सांगता येत नाही.

"म्हटल्या असत्या," मी म्हणाले. "बाईंना अभिमान वाटला असता."

त्यानं डोळे मिटले. तसाच माझे हात धरून उभा राहिला, आणि त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

रेचल मला रिक्षा बघून द्यायला बाहेर आली. रस्त्यावर उभी असताना ती म्हणाली, "खरं सांगा, तुम्हाला आवडलं?"

"अवघड होतं सगळं."

"ते झालंच. मला संगीतातलं कळत नाही. पण पूर्वी ते घरी वाजवायला बसले की खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन बसायचे. मुलगी पळून दमून आली की तिच्या छातीचे ठोके पियानोवर वाजवायचे, ती हसून हसून लोळायची. आता ते वाजवायला बसले की आम्ही दार लोटून घेतो, त्यांना त्रास नको म्हणून." रिक्षा थांबली. "तुमच्या बाई त्यांना असं काय म्हणाल्या होत्या हो?"

"मला नीट आठवत नाही," मी म्हणाले आणि बसले.

त्यानंतर त्यानं आणखी तीन कार्यक्रम केले. शेवटच्याला अकरा जण होते असं ऐकलं. मग तो मुलांना शिकवायला लागला. शिस्तीचा मास्तर म्हणून त्याचं नाव झालं. हसताना त्याला कुणी बघितलं नाही, असं त्याची एक विद्यार्थिनी मला नंतर म्हणाली, आणि ते तिनं कौतुकानं सांगितलं. सत्त्याण्णव साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो झोपेतच गेला. मला उशिरा कळलं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या. गंभीर प्रवृत्तीचे पियानोवादक व शिक्षक, असं लिहिलं होतं. प्रिन्स रूबेन हे नाव त्यात नव्हतं.

महिन्यानं मी पुण्याला त्याच्या घरी गेले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मुलगी परगावी नोकरीला होती. रेचल एकटीच होती. तिनं चहा केला. मी चहा पुढ्यात ठेवून तिला सगळं सांगितलं. वॉर्डातली ती म्हातारी, बाईंचं हसणं, खाटेवरचा निरोप, त्यातला प्रत्येक शब्द. पाळकसाहेबांना मी काय म्हणाले, कबरस्तानाच्या फाटकाशी काय म्हणाले, आणि त्या रविवारी हॉलच्या आतल्या खोलीत काय म्हणाले. सांगताना मी रडले नाही. मला तो हक्क नव्हता.

ती सगळं उभ्यानं ऐकत होती, खांद्यावर टॉवेल. मध्ये एकदाच तिनं विचारलं.

"कलावंत म्हणाल्या? हाच शब्द?"

"हाच शब्द. आणि माझं चुकलं म्हणून सांग, असंही म्हणाल्या."

तिनं माझ्याकडे बघितलं. ती ओरडेल, बाहेर जा म्हणेल, याची मी वाट बघत होते. मला ते हवंच होतं.

"चहा घ्या," ती म्हणाली. "गार होतोय."

आणि ती आत गेली. आतून नळाचा आवाज आला, मग भांड्यांचा. मी चहा घेतला. ती बाहेर येईल म्हणून बसून राहिले. थोड्या वेळानं भांड्यांचा आवाज थांबला, नळही बंद झाला. पलीकडे ती उभी होती हे मला कळत होतं, पडद्याखालून तिचे पाय दिसत होते. ते हलत नव्हते.

मी कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि आवाज होऊ न देता दार ओढून घेतलं.